टोपल्यातली एक भाकरी कमी

सागरचा फोन आला तेव्हा मी सकाळची भाकरी तोलत होतो. सागर माझा भाचा, अक्काचा मुलगा, बंगळुरात नोकरीला असतो. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "मामा, आई चोरून खाते."

अक्काचे दोन्ही गुडघे गेलेत. सोलापूरचे डॉक्टर ऑपरेशनला तयार आहेत, पण आधी वजन बहात्तरच्या खाली आणा म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी आहाराचा कागद हातात पडला तेव्हा ती शहात्तर किलो होती. कागद पाळून पाळून ऐंशीवर गेली. मला सागरचा रागच आला. अक्का एकसष्टची, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी सांगोल्यात सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात काय उरलं ते बघून जेवायला बसणारी मुलगी. ती चोरून खाईल हे काही मला पटेना. पण काटा खोटं बोलत नाही, असं याच ब्लॉगवर मी तुम्हाला ऐकवत आलोय. दोन वर्षांत अकरा किलो उतरवल्याचं माझं पुराण तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असेल.

तेव्हा ठरवलं, जाऊन स्वतः बघायचं. वेळ अमावस्या तोंडावर होती. तिला तिकडे येळवस म्हणतात. हा सण शेतात बसून जेवण्याचा, आणि त्यावर लिहायचं मी कधीपासून म्हणत होतो. पिशवीत दोन शर्ट, वही आणि माझा छोटा काटा टाकला. सुनीता, म्हणजे बायको, म्हणाली की बहिणीकडे काटा घेऊन जाणारा पहिलाच माणूस बघितला.

पहिला दिवस

पुण्याहून सकाळची गाडी धरा. चार तासांत सोलापूर येतं आणि दुपारचं जेवण घरी मिळतं. सोलापूर जवळ यायला लागलं की माती काळी होत जाते आणि खिडकीबाहेर ज्वारी सुरू होते. स्टेशनवरून शेअर रिक्षा मिळते. अक्काचं घर बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे, कामगारांच्या जुन्या वसाहतीत आहे. तिथले रस्ते भर दुपारी इतके गप्प असतात की आपलीच चप्पल ऐकू येते.

फाटकाशी आलो आणि थांबलो. अंगणात दाजी पाठमोरे उभे होते. तीच मान, तेच रुंद खांदे, उजव्या पायावर भार देऊन कलतं उभं राहणं तेच. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, त्याच सूतगिरणीत फिटर होते. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते. मी कसाबसा घसा खाकरला. पाठमोरी आकृती वळली आणि अक्का म्हणाली, "आलास व्हय रं बाळू? ऊन लागलं का?" मी हसलो खरा, पण अंगणात शिरण्याआधी पुन्हा एकदा तिच्या खांद्यांकडे बघितलं.

दाजींबद्दल थोडं सांगायला हवं. खाणारा माणूस होता. भाकरी ताटात घ्यायचे नाहीत, तळहातावर चुरायचे. कांदा बुक्कीनं फोडायचे. डावा हात डाव्या गुडघ्यावर, आणि प्रत्येक घासामागे एक समाधानाचा "हं". मला कधी नावानं हाक मारली नाही. नेहमी "बसा की पावणं".

जेवायला बसलो. अक्का खुर्चीवर, कारण गुडघे दुमडत नाहीत. दोन भाकऱ्या मला, दोन तिला. डाळकांदा, वाटीभर मेथी, चमचाभर शेंगाचटणी. कागदाप्रमाणे चोख. मी काटा काढला आणि भाकरी त्यावर ठेवणार, तोच तिनं माझं मनगट धरलं. बहीण अशी कधी धरत नाही. भाकरी कुणी मोजत नाही, तोलत नाही, म्हणाली, खाणाऱ्याला दृष्ट लागते. हे मी आईच्या तोंडूनही ऐकलेलं. त्या भागात आजही खाणाऱ्यासमोर भाकऱ्यांचा आकडा कुणी काढत नाही. मी काटा पिशवीत टाकला.

पण माझी मोजायची सवय काही जात नाही. ती भाकऱ्या थापत होती तेव्हा बाहेरच्या खोलीत मी ऐकत होतो. तव्यावर पाच पडल्या होत्या. चार खाल्ल्या. हात धुऊन आलो आणि टोपल्यावरचं फडकं उचललं, तर टोपलं रिकामं. विचारलं तर म्हणाली, "चारच केल्या असतील की." इतकं साधं म्हणाली की मी माझ्याच कानांवर संशय घेतला.

संध्याकाळी तिला सिद्धेश्वर तलावाकाठी नेलं. शंभर पावलं, मग बाक, पुन्हा शंभर. येताना तिथल्या दुकानातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. कडक भाकरी महिनाभर टिकते आणि तळलेली नसते, तेव्हा आपल्या वयाला प्रवासात यासारखं खाणं नाही. फक्त चटणीवर तेल ओतू नका.

दुसरा दिवस

या दिवशी मी शहर बघितलं नाही, माफ करा. मी अक्कावर पाळत ठेवली. सांगायला लाज वाटते, पण ठेवली. भाकरी थापल्याचा आवाज आला की शेंगेचा एक दाणा खिशात टाकायचो. पाच दाणे झाले. चार भाकऱ्या जेवलो. मग मी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारातच पेपर घेऊन बसलो. मागचं दार लावलेलं. मांजर नाही, कुत्रं नाही. अक्का माझ्यादेखत भांडी घासत होती, तोंड बंद. मध्ये एकदाच मी पेपरचं पान उलटलं. नंतर फडकं उचललं तर खाली काही नव्हतं.

आणि पान उलटताना मी एक "हं" ऐकला होता. कुकरचा असेल, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. कुकर सकाळीच उतरवलेला होता.

तिसरा दिवस, येळवस

दाजींची जमीन मंगळवेढ्याला. सोलापूरहून एस.टी.नं दीड तास, अक्काला अर्धं तिकीट. या दिवशी जाणार असाल तर घरून काही खाऊन निघा, कारण वाटेत चहाही मिळत नाही. झाडून सगळी माणसं शेतात गेलेली असतात. मंगळवेढ्यात उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि बाजारपेठेत एकही शटर उघडं नव्हतं. घरांना कुलपं. एका दुकानाबाहेर कॅलेंडर वाऱ्यानं आपटत होतं, तेवढाच आवाज. अक्का मधूनमधून मागे बघत होती. कोण आहे विचारलं तर म्हणाली, कुणी न्हाय, चल.

शेत दाजींचे चुलतभाऊ मल्लूअण्णा कसतात. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. कडब्याची खोप, म्हणजे छोटी झोपडी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडवांचे दगड, समोर आंबिलाचं मडकं. मल्लूअण्णांनी कन्नडमध्ये बायकोला काहीतरी सांगितलं आणि पानं मांडली गेली. भाज्या आणि डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, तिळाची पोळी, खीर, वर ताकातलं थंड आंबील. आग्रह असा की तुमचा कागदबिगद कुणी विचारत नाही. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून बसवतात. माझा सल्ला विचाराल तर भज्जी पोटभर घ्या, पोळी अर्धी घ्या आणि आंबिलानं पोट भरा. अक्कानं एक उंडा, भज्जी आणि वाटीभर आंबील घेतलं, तेही खोपीबाहेर आणून ठेवलेल्या स्टुलावर बसून. ती बरोबर फडक्यात बांधून काहीतरी घेऊन आली होती, ते तिनं सोडलं नाही.

जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी आंबील शिंपडत शेताला फेरी घालतात आणि मोठ्यानं आरोळ्या देतात. त्यातले शब्द निम्मे कन्नड, अर्थ कुणालाच सांगता आला नाही. मीही निघालो, पण मागे पडलो आणि जवळच्या वाटेनं जावं म्हणून ज्वारीत शिरलो. ती चूक झाली. दहा पावलांत दिशा गेली. वर उन्हाचा पांढरा पट्टा, चारी बाजूंनी ज्वारीची ताटं, आणि आरोळ्या कधी पुढून येत, कधी पाठीमागून. मग त्या थांबल्या. तेव्हा अगदी जवळ कांदा फुटल्याचा आवाज आला. बुक्कीनं फोडल्यावर होतो तसा. पाठोपाठ सावकाश चावणं. आणि मग "हं".

मी पानं बाजूला केली. बोरीच्या झाडाखाली अक्का पाठमोरी बसली होती. जमिनीवर. मांडी घालून. वर्षभर जिला कमोडवरून उठायला भिंतीचा आधार लागत होता, ती दोन्ही गुडघे पुरते दुमडून बसली होती. डावा हात गुडघ्यावर, उजव्या तळहातावर चुरलेली भाकरी. फडकं पुढ्यात उघडलेलं.

मी अक्का अशी हाक मारली. मान वळली नाही. पुन्हा मारली. घास चालूच. मग मी काय केलं आणि का केलं, ते मला आजही सांगता येत नाही. मी हळूच म्हणालो, "दाजी."

ती वळली. तोंडात घास होता, डोळ्यांत ओळख होती. "बसा की पावणं," म्हणाली.

क्षणभरानं तिचा चेहरा सैलावला, तिनं आपल्या तळहाताकडे बघितलं, आणि उठायला गेली तशी कळवळली. गुडघे आता हलेनात. माझी हाक ऐकून मल्लूअण्णा स्टूल घेऊन धावत आले, आम्ही दोघांनी तिला उचलून त्यावर बसवलं. ती रडकुंडीला येऊन विचारत होती, "मी कुटं खाल्ली रं? मी खाल्ली का?" मल्लूअण्णा घाबरलेले दिसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले की दादा दरसाली फेरी झाल्यावर ह्याच बोरीखाली शेवटची भाकरी खायचा, आणि वैनी आल्या की आताही हितं एक भाकरी जास्त जाती. आमी मोजत न्हाय, म्हणाले.

परतीच्या गाडीत अक्का खिडकीशी बसली होती. मंगळवेढा सुटलं तेव्हा ती आपणहून बोलली. दाजींना साखर निघाली तेव्हा त्यांनाही असाच कागद मिळाला होता, दोन भाकऱ्यांचा. त्या दुपारी त्यांनी तिसरी मागितली.

"टोपल्यात हुती," अक्का म्हणाली. "मी म्हनले, दोन झाल्या तुमच्या. आता बास. जन्मात कधी मोजली न्हवती बाळू, त्या दिवशी मोजली. ते काय बोलले न्हाईत. हात धुतला, आन कॉटवर जाऊन पडले. चार वाजता चहाला उठवायला गेले तर..."

पाचवी भाकरी मी थापत न्हाय, म्हणाली, हात थापतोय. ती कुटं जाती ते मला खरंच कळत न्हाय. मी तिचा हात धरून बसलो. या बाईला आम्ही चोर ठरवायला निघालो होतो, त्याची मला फार लाज वाटली.

चौथा दिवस

माझी गाडी दुपारची होती. अक्कानं भाकऱ्या थापल्या, पाच. या वेळी मी समोर बसून बघितल्या. दोन तिच्या ताटात, दोन माझ्या. मग मी तिसरं ताट मांडलं, पाचवी भाकरी त्यात ठेवली, कांदा ठेवला. अक्का बघत राहिली. तिचा उजवा हात मांडीवरून उठायला लागला, तो तिनं डाव्या हातानं दाबून धरला. बोटं पांढरी पडली होती.

येळवसीला वाटेवरच्या माणसाला बोलावतात तसं मी बोलावलं. म्हणालो, दाजी, अक्काच्या गुडघ्यांना आता झेपत नाही. पुण्याला चला माझ्याकडे. तिथं जेवा.

आणि ती भाकरी मी खाल्ली. भूक नव्हती तरी शेवटच्या चतकोरापर्यंत खाल्ली. अक्का पदरात तोंड घालून रडली, आणि मग, कितीतरी दिवसांनी, स्वतःच्या दोन भाकऱ्या स्वतःच जेवली. त्या दिवशीच्या वहीत मी काही लिहिलं नाही.

घरी

याला दोन महिने झाले. अक्का आता पंचाहत्तरवर आली आहे. सागर रोज फोनवर विचारतो, मामा, असं काय सांगितलंत तिला? एकटीच्या टोपल्यात हल्ली दोनच भाकऱ्या असतात, असं ती म्हणते. तिसरीला हात जातच नाही.

माझी वहीही चोख आहे. दुपारी दोन भाकऱ्या, रोज. तोललेल्या. चालणं चुकलेलं नाही, गोड नाही, तळलेलं नाही. आणि वजन चार किलोंनी वाढलंय. मी काट्याचे सेल बदलून बघितले. मग दुसरा काटा आणला.

परवा जेवण झाल्यावर सुनीता बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, मी तुमच्या भाकऱ्या मोजत नाही, पण टोपलं रोज रिकामं होतं. आणि हे "हं हं" कधीपासून सुरू केलंत? मी खाली बघितलं. डावा हात गुडघ्यावर होता.

मला भीती वाटते. खरं सांगायचं तर त्या माणसाला हवी ती भाकरी मिळतेय याचं बरंही वाटतं. तुम्ही येळवसीला जरूर जा, भज्जी खा, आणि घरी कुणी चोरून खातंय असं वाटलं तर त्याला चोर म्हणण्याआधी चार दिवस त्याच्यासोबत जेवा. अक्काचं ऑपरेशन चैत्रात करायचं ठरतंय. तोवर माझी तक्रार नाही. त्यानंतर मात्र दाजींना बास म्हणावं लागेल, आणि ते मला म्हणवणार नाही.