नंजप्पाला दिसतंय का?

अक्का संगणकापुढे काही तपासायला बसायच्या त्या नेहमी दुसऱ्याच्या नावानं. स्वतःचं खातं असताना त्या एका बोटानं 'नंजप्पा' अशी इंग्रजी अक्षरं टाईप करायच्या, मग त्याचा पासवर्ड, आणि मग दोन्ही हात मांडीवर ठेवून नंजप्पाला काय दिसतं ते बघत बसायच्या. नंजप्पा हा आमच्या कारखान्यातला फिटर. वय पन्नाशीचं, शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी आकड्यांपुरतं. कंपनीच्या पोर्टलवर सगळ्यांत कमी अधिकार त्याला होते आणि नेमका म्हणूनच अक्कांना तो पसंत होता. मी मोठ्या कौतुकानं काही नवीन दाखवलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा, "ते असू दे. नंजप्पाला दिसतंय का?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पीनिया या कन्नड मुलखातल्या औद्योगिक वसाहतीत पंपांच्या एका कारखान्यात मी नोकरीला लागलो होतो. कंपनीनं परदेशी बनावटीचं एक पोर्टल विकत घेतलं होतं. पंपांच्या भागांचे नकाशे, सूचना, बदलांचे प्रस्ताव, त्यांवरची चर्चा, सगळं एका जागी ठेवायचं आणि प्रत्येक विभागानं आपापल्या टेबलावरून ते बघायचं, अशी कल्पना. तीन सीड्या आणि उशीएवढी जाड दोन पुस्तकं माझ्या हातात देऊन साहेबांनी सांगितलं, उभं करा. साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. सीड्यांत फक्त सांगाडा होता. आमच्या कामाला लागेल तो सगळा भाग मी लिहायचा होता. मी सांगलीहून पदवी घेऊन आलेला, बनशंकरीत भाड्याच्या खोलीत राहणारा आणि दोन बस बदलून कामावर येणारा मनुष्य. मला त्या वेळी या जगात काहीच अवघड वाटत नव्हतं.

मुख्य संगणक ठेवायला वातानुकूलित खोली हवी होती. तशी खोली कारखान्यात एकच, अक्कांची. त्या नकाशांच्या संग्रहाच्या प्रमुख होत्या. मूळ नकाशांच्या ट्रेसिंगच्या पारदर्शक कागदाला दमट हवा सोसत नाही म्हणून तिथं थंडावा. आणि शेजारीच नकाशांच्या प्रती काढायचं अमोनियाचं यंत्र, त्यामुळे डोळ्यांना सदैव धार. मी संगणकाची खोकी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा अक्कांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठला रे तू?" म्हणाल्या. सांगलीचा, म्हटलं. त्या दिवसापासून माझं नाव सांगली झालं. कुणीतरी त्यांना मुद्दाम ऐकवलं की हे यंत्र एक दिवस तुमची खोली खाणार. अक्का म्हणाल्या, "खाऊ दे की. माझे गुडघे तरी वाचतील."

अक्का चामराजपेटच्या. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ अशी की कधी कुठली सुरू झाली ते कळायचं नाही. पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या मराठीला मनातल्या मनात हसत असे. दुसऱ्या आठवड्यात 'स्वल्प थांबा', म्हणजे जरा थांबा, असं मीच बसच्या कंडक्टरला म्हणालो आणि माझं हसणं संपलं. अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. पण 'सरी', म्हणजे ठीक, या शब्दाला त्यांच्याइतकं वजन मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. ती त्यांची शाबासकी होती, आणि सहा-सहा महिने मिळायची नाही.

त्यांच्या कामाची रीत एका वाक्याची होती: जुना दे, नवा घे. नकाशात बदल झाला की नवी प्रत घेऊन त्या स्वतः विभागाविभागांत चालत जायच्या आणि जुनी प्रत हातात पडल्याशिवाय नवी द्यायच्या नाहीत. जुनी हरवली म्हणणाऱ्याच्या टेबलाशी उभ्या राहायच्या. मोठ्या इंजिनिअरांनाही खण उपसायला लावायच्या. मी पोर्टलचं चित्र कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी ते घडी करून ठेवून दिलं. "आधी कागदाच्या मागं चाल. मग काय ते बांध." आठवडाभर मी त्यांच्या मागून हिंडलो, तोंड वाकडं करून. मी संगणकाचा माणूस, मला पोस्टमन का करतायत, असं वाटत होतं.

त्या फेरीतच नंजप्पा भेटला. जोडणीच्या शेडमध्ये, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. नकाशा घ्यायला त्यानं डावा हात पुढे केला तेव्हा दिसलं की एक बोट अर्धंच आहे. परत येताना मी विचारलं. अक्कांनी काखेतल्या जुन्या प्रती नीट केल्या. मग म्हणाल्या, "हात जाऊ नये म्हणून फिरत्या दांड्यावर जाळी असते ना, ती मोठी केली होती. नवा नकाशा माझ्या टेबलावर होता. चार वाजले होते, उद्या देईन म्हटलं. त्यानं जुन्यावरनं जाळी बसवली आणि पंप लावून बघितला." एवढंच. त्यानंतर माझं तोंड वाकडं झालं नाही. हे पोर्टल कुणासाठी उभं राहायचं आहे ते मला कळलं होतं.

कळलं होतं, पण अक्कल यायची होती. दोन महिन्यांत मी सगळं बांधलं. नवा नकाशा चढवला की जुना आपोआप मागे जाईल, अशी सोय केली. अक्कांनी आपल्या नावानं एकेक नकाशा चढवायला सुरुवात केली. साहेबांपुढे दाखवायचा दिवस ठरला. माझ्या संगणकावर सगळं झकास चाललं. साहेब उठणार इतक्यात अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांबा." त्या खुर्चीवर बसल्या, नंजप्पाचं नाव टाकलं, आणि पडद्यावर पांढरं पान आलं. कोरं करकरीत. ना नकाशा, ना सूचना, ना साधी चूक झाल्याचा निरोप.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. असं का झालं ते लगेच कळलं, त्यामुळे लाज जास्त वाटली. दोन महिने मी मुख्य प्रशासकाच्या खात्यातूनच काम करत होतो. त्या खात्याला सगळी दारं उघडी. साध्या माणसासाठी एकही दार मी उघडलेलं नव्हतं, आणि ते बंद आहे हे बघायला कुणी साधा माणूस होऊन आत गेलंच नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच. साहेबांनी एक महिना दिला. तोवर जोडणीच्या शेडमध्ये नकाशे दिसले नाहीत तर पोर्टल गुंडाळायचं आणि कागद पूर्ववत. ते गेल्यावर मी अक्कांवर चिडलो. आधी सांगायचं होतं, म्हटलं. "आधी मला तरी कुठं माहीत होतं? तुला दिसतंय म्हणून सगळ्यांना दिसतं असं नसतं रे, सांगली," त्या म्हणाल्या आणि डब्यातलं अर्धं चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, माझ्यापुढे सरकवलं. मी खाल्लं. राग होता, पण भूकही होती.

त्या महिन्यात मी अक्कांचा हट्ट जवळून पाहिला. अधिकारांची यादी त्यांनी माणसागणिक करायला लावली: कुणाला काय लागतं, कुणाला काय लागत नाही. शेडमध्ये संगणक बसला, धूळ नको म्हणून प्लास्टिकचं आवरण घालून. मग अडचण आली ती बटणांची. ती इंग्रजीत होती आणि कन्नड अक्षरं त्या वेळी पोर्टलला काही केल्या पचत नव्हती. चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटायची. मी हात टेकले. अक्कांनी ट्रेसिंगचा तुकडा घेतला, नकाशावर अक्षरं काढायचं पेन घेतलं आणि आपल्या घोटीव हातानं कन्नडमध्ये लिहिलं, 'होसदु'. म्हणजे नवा. "अक्षर पचत नाही ना? मग चित्र म्हणून लाव," त्या म्हणाल्या. स्कॅन करून मी ते प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात बटण म्हणून लावलं. क्रमांक टाकून ते दाबलं की समोर त्या दिवशी चालू असलेला नकाशा.

महिना संपायला तीन दिवस असताना नंजप्पाला त्या संगणकापुढे बसवलं. त्यानं चष्मा चढवला, अर्ध्या बोटाच्या हातानं माऊस दाबून धरला, जणू तो पळून जाईल, आणि उजव्या हाताच्या बोटानं माऊसची कळ दाबून 'होसदु' उघडलं. पान यायला बराच वेळ लागला. साहेब मागे उभे होते. मग रेघा उमटल्या. "बंतु, अक्का," नंजप्पा म्हणाला. आलं. अक्का वाकून नकाशाच्या कोपऱ्यातला बदलाचा क्रमांक बघत होत्या. तो बरोबर निघाल्यावर त्या म्हणाल्या, "सरी." तो शब्द माझ्यासाठी होता असं मी आजही धरून चालतो. तेव्हापासून कानाला खडा लावला आहे: कुठलंही नवीन काम हाती घेतलं की पहिलं खातं मी नंजप्पाच्या नावानं काढतो. माझ्या हाताखालची पोरं विचारतात, हा कोण? मी म्हणतो, आधी त्याला दिसू दे, मग सांगतो.

वर्ष-दीड वर्ष गेलं. खरं संकट आलं ते अक्कांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना. एक जुने ड्राफ्ट्समन निवृत्त झाले. नियमाप्रमाणे संध्याकाळी मी त्यांचं खातं बंद केलं. सकाळी शेडमधून फोन. "काणिस्तिल्ल, अक्का," नंजप्पा सांगत होता, दिसत नाही. त्या गृहस्थांनी चढवलेले सगळे नकाशे त्यांच्याबरोबर गेले होते. खातं उघडलं तेव्हा परत आले. पोर्टलचा स्वभावच तसा होता. ज्यानं कागद चढवला तो त्याचा मालक. मालक गेला की कागद कुणालाच दिसत नाही. मी आणि अक्कांनी एकमेकांकडे बघितलं. कारखान्यातले जवळजवळ चार हजार नकाशे अक्कांच्या नावावर होते.

मी म्हटलं, तुमचं खातं बंदच करायला नको. अक्कांना ते मुळीच पटलं नाही. "मी घरी बसल्यावर माझ्या नावानं दार उघडं ठेवणार? आत कोण जाईल ठाऊक आहे? आणि पुढं कुणीतरी नियमावर बोट ठेवून ते बंद केलं तर?" मग मी सगळ्या नकाशांचा मालक एकदम बदलणारा छोटा प्रोग्राम लिहिला. तो चालला, पण प्रत्येक नकाशाची तारीखही आजची करून बसला, आणि 'होसदु' दाबल्यावर जुने नकाशे वर आले. चाचणीच्या यंत्रावर होतं म्हणून बरं. ते बघून अक्कांनी पडद्यावर हातच ठेवला. "हे नको. परत एक बोट नको."

राहिला एकच मार्ग, एकेक नकाशा हातानं; तसं केलं की तारीख तशीच राहायची. उघडायचा, मालकाच्या जागी अक्कांचं नाव पुसून 'नकाशा विभाग' लिहायचं, जतन करायचा, आणि नंजप्पा होऊन बघायचा. दिवसाला शंभर. अक्का बदलायच्या, मी शेजारच्या यंत्रावर बघायचो. त्यांची मान आखडायची, डोळे लाल व्हायचे, पण शंभर झाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. एकदा ताप अंगात घेऊन आल्या. मी रागावलो तर म्हणाल्या, "पाच वाजता फणफणू दे. आत्ता शंभर होऊ देत." एके दिवशी मला राहवलं नाही. "अक्का, पस्तीस वर्षांचं काम. तुमचं नाव कुठंच राहणार नाही," म्हटलं. त्यांनी मानही वर केली नाही. "नाव घरच्या दारावर आहे की. पुढचा नकाशा घे."

निवृत्तीच्या दिवशी हार झाला, शाल झाली, साहेबांचं भाषण झालं. अक्का घड्याळाकडे बघत होत्या. पाच वाजता त्यांनी मला खोलीत नेलं आणि त्यांचं खातं त्यांच्यादेखत बंद करायला लावलं. मी त्यांच्याकडे बघितलं. "कर रे," त्या म्हणाल्या. केलं. मग हारासकट त्या जोडणीच्या शेडमध्ये चालत गेल्या, मी मागून. नंजप्पा वाटच बघत होता. अक्कांनी त्याला एक क्रमांक सांगितला. जाळीचा नकाशा होता तो. त्यानं बटण दाबलं. आम्ही तिघं उभे राहिलो. रेघा उमटल्या. नंजप्पानं मान हलवली. अक्कांनी क्रमांक तपासला, "सरी" म्हणाल्या, गळ्यातला हार काढून त्याच्या हातात दिला आणि चामराजपेटची बस चुकेल म्हणून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आलो. अक्कांच्या खोलीत बसलो आणि नंजप्पा होऊन आत गेलो. नकाशांची एकूण संख्या कालच्याइतकीच होती. शोधाच्या चौकटीत अक्कांचं पूर्ण नाव टाईप केलं. पोर्टलनं बराच वेळ शोधलं आणि सांगितलं, काहीही सापडलं नाही. चार हजारांतला एकही त्यांनी चुकवला नव्हता. मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. समोरचं पान रिकामं होतं. वरच्या कोपऱ्यात तेवढं त्यांच्या हातचं 'होसदु' होतं.