छातीच्या आप्रेशनचा खर्च इचारायला गेले आन् घाबरून आले

बायांनो, लाज सोडून लिहितेय, हसू नका.

लेक झाल्यापासून माजी एका बाजूची छाती उतरली. मालक रोज टोमणे मारतेत. त्यांनीच पतसंस्थेतून म्हशीच्या नावावर कर्ज मंजूर करून आणलं, म्हनले, "आप्रेशन करून नीट करून घे." उद्या कर्जाच्या कागदावर माजी सही हाय.

म्हनून आज जावंला संगं घेऊन बीडला डॉक्टरीणबाईकडं गेलते. इचारलं, "सगळा खर्च किती येतो?"

त्या म्हनल्या, "आप्रेशनचे वेगळे, भुलीचे वेगळे, तपासण्या आणि औषधं वेगळी. आत जे बसवतात ते जन्मभर टिकेलच असं नाही. पुन्हा आप्रेशन लागू शकतं."

जाऊ म्हनली, "आन् हिच्या नवऱ्याचं पोट आत घालायला किती लागतेन?" डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं न्हाई.

मग त्यांनी इचारलं, "बाळ अंगावर पितं का? आधी अंगावर पाजणं तोडावं लागेल. पुढच्या बाळाला दूध पुरेल का, ते आत्ता सांगता येत नाही. आणि काही आठवडे जड उचलायचं नाही."

दुष्काळानं गावात टँकरचं पानी. माजा हंडा कोन उचलंल? मालक?

सही केली तर आप्रेशनचं भ्या, न्हाई केली तर मालकाचं. तुमच्यात कुनी केलंय का हे आप्रेशन? खरं सांगा.

लेक आत्ता त्याच उतरलेल्या बाजूला पिऊन झोपली. तिनं कदी तोंड फिरवलं न्हाई. मालकाला हे कसं सांगू?