वडशाचा समुद्र

वडसेकर मंडळी, जुन्या फोटोंत आपले आजोबा धोतर वर धरून काऊन उभे असतात, ते मले आज समजलं.

गावातल्या जुन्या फोटोग्राफरचं दुकान रिकामं होत आहे. त्यांनी वर्षानुवर्षं काढलेले गावाचे फोटो त्यांच्या मुलीनं आज मांडून ठेवले होते. मी मायला घेऊन गेलो.

सगळ्यांच्या मागे एकच पडदा, समुद्राचा. पन्नासच्या दशकात आपल्या झाडीपट्टी नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरनं तो रंगवला होता. त्यानं समुद्र कधी पाहिलाच नव्हता, म्हणून लाटांत कमळं आहेत अन् काठावर मोहाचं झाड!

फोटोग्राफर मात्र शिस्तीचे. मुलगी हसत सांगत होती, "बाबा सगळ्यांले म्हणत, समुद्रात चपला घालून कोनी उतरते काय? काढा. लुगडं वर धरा बाई, ओलं होईन."

अख्खं गाव त्यांच्यापुढे अनवाणी उभं राहिलं.

मायच्या लग्नानंतरचा फोटोही सापडला. शेजारी बाबा, धोतर वर धरलेले, मिसरूड नुकतं फुटलेले. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. माय फोटो हातातून सोडेना.

"माय, पुढच्या महिन्यात तुले खरा समुद्र दाखवतो. तिकिटं काढली," मी म्हटलं.

"तुमीच जा," ती म्हणाली. "मी पाह्यला ना समुद्र. तुये बाबा बाजूले होते. तुया खऱ्या समुद्रावर ते कुठी भेटतीन मले?"

तिकिटं खिशातच आहेत. सांगा, तिले काय उत्तर देऊ?