वनमालाबाईंचं सोडणं

बुद्धपौर्णिमेला विहारातून वंदना करून आल्या, की वनमालाबाई घरातली आपली सर्वांत आवडती वस्तू उचलायच्या आणि कुणाला तरी देऊन टाकायच्या. दिग्रसला त्या शिकवत त्या शाळेत मी नवीन शिक्षिका म्हणून रुजू झाले, त्या वर्षी त्यांनी रेडिओ दिला. गाण्यांवाचून त्यांचा स्वयंपाक व्हायचा नाही, तरी दिला. मी हळहळले तर म्हणाल्या, "नावडतं तं कोनीबी देते. जीव जिथं अडकते, तिथूनच सोडावं लागते."

पुढच्या वर्षी मोरपंखी शालीची पाळी आली. ती मला मिळाली. "आठवण म्हणून जपून ठेवते," असं म्हटल्यावर त्यांनी मला फटकारलं, "जपू नोको, पांघर!"

कापसाने सगळ्यांनाच दगा दिला, ती ही वर्षं. बाईंच्या शेजारची सुमन कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये कामाला होती. नवरा आधीच वारलेला. जिनिंग बंद पडलं आणि ती सुरतेला कापडगिरणीत गेली. जाताना दोन वर्षांच्या पल्लवीला बाईंच्या ओटीत घालून गेली. बाईंनी लग्न केलं नव्हतं. सहा वर्षं त्यांनी पोरीला वाढवलं. ती त्यांना 'माय' म्हणायची.

मग सुमन परतली. पुसदला काम मिळालं, खोली मिळाली. पण पोर काही तिच्याजवळ जाईना. शेवटी सुमनच रडत म्हणाली, "बाई, राहू द्या तिले तुमच्यापाशीच."

आम्ही शाळेतल्यांनीही तेच सुचवलं. बाई ताडकन म्हणाल्या, "माही सोय पाहून मी तिची माय ठरवू काय?"

दोन महिने दर रविवारी त्या पल्लवीला घेऊन एसटीने पुसदला गेल्या. पोरीला भाजी कशी लागते, ताप आला की ती कशी बिलगते, सारं त्यांनी सुमनला सांगितलं. आधी दिवसभर तिथे बसायच्या. मग बाजाराचं निमित्त काढून दुपारीच उठू लागल्या. एका रविवारी पल्लवीच म्हणाली, "माय, तू जाय. मले आईपाशी राहाचं हाय."

सोमवारी बाई वेळेवर शाळेत आल्या आणि शिक्षकांच्या खोलीत बसून ढसाढसा रडल्या. मी गोंधळले. चाचरत म्हटलं, "बाई, सोडायला तर तुम्हीच शिकवता..."

"पोरगी सोडली मी," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "माया काहून सोडू?"

घंटा झाली. तोंडावर पाणी मारून त्या तिसरीच्या वर्गावर गेल्या. थोड्याच वेळात तिथून तेराचा पाढा ऐकू येऊ लागला, आणि त्यात सर्वांत खणखणीत आवाज बाईंचा होता.