सातव्या बरगडीचे दोन मिलिमीटर

बडोद्यात निजामपुऱ्यातल्या काकांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी वहाणाचा (इकडे शिडाच्या जहाजाला वहाण म्हणतात) नकाशा टेबलावर पसरला आणि मला मोबाईल पिशवीत ठेवायला सांगितला. फोटो काढायचा नाही, झेरॉक्स तर नाहीच. ज्याला हवा त्याने समोर बसून ट्रेसिंग पेपरवर हाताने उतरवून घ्यायचा. झेरॉक्समध्ये चित्र एका बाजूने किंचित ताणलं जातं आणि मापं बिघडतात, असं त्यांचं कारण. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

माझे वडील कारखान्याच्या युनियनमध्ये होते. आमच्या घरात पुस्तकं मोजकी आणि पत्रकं ढिगाने. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे कुणी कागद हाताखाली झाकून धरला की इथे काहीतरी लपवलं जातंय, असं मला लगेच वाटतं. ही सवय चांगली आहे असं माझं आजही मत आहे.

तरी मी जात राहिले. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं जमायचो. सगळेच ज्यांना काका म्हणायचे ते काका, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले सुतार. हरणी भागातले दाताचे एक गुजराती डॉक्टर, जे दवाखान्यातली झिजलेली बारीक ड्रिलं आणून आम्हाला वाटायचे. भूमिती शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर. आणि सयाजीगंजमधल्या एका ऑफिसात नोकरी करणारी मी. चौघांनाही लाकडी वहाणांचे छोटे नमुने बनवायचं वेड.

शिकवताना तिघांनीही कधी हातचं राखलं नाही. सागाची पट्टी किती वेळ भिजवायची, गरम इस्त्रीच्या टोकावरून कशी हळूहळू वळवायची, सगळं सांगायचे. फळ्या एकाच बाजूने लावत गेलं तर वहाण केळ्यासारखं वाकतं, म्हणून एक डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे, हे मला मास्तरांनी माझी पहिली होडी वाकडी झाल्यावर न हसता समजावलं. न मागता इतकं देणारी माणसं मला बडोद्यात दुसरीकडे कुठे भेटली नव्हती. म्हणूनच नकाशावरचा पहारा जास्त खुपायचा.

नकाशा होता दोन डोलकाठ्यांच्या कच्छी कोटिया वहाणाचा. खालच्या लांब कण्यावर तेरा बरगड्या उभ्या करायच्या आणि त्यांच्यावर फळ्या चढवायच्या. बरगडी अर्धीच उतरवतात, मग कागद दुमडून दोन्ही बाजू सारख्या कापतात. माझ्या तेरा बरगड्या कापून, कानशीने घासून झाल्या आणि पहिली पट्टी लावून बघितली, तर सातव्या बरगडीवर ती उचलली गेली. पोटावर टेंगूळ आल्यासारखी. मला वाटलं, कापण्यात चूक झाली. मी नवी बरगडी कापली. पुन्हा तेच. मग काकांच्या टेबलाशी बसून नव्याने उतरवून घेतली. पुन्हा तेच, दोन मिलिमीटर जास्त.

काका म्हणाले, "घास थोडी. लाकूड आहे, ऐकेल."

नकाशा बघ असं ते म्हणाले नाहीत. मी स्वतःच मापं बघायला गेले तर त्यांनी चष्म्याचं घर उचलून त्याच्या कोपऱ्यावर ठेवलं. बहुतेक सहजच. पण मी ते पाहिलं.

त्या आठवड्यात मी ड्रिल मागायच्या निमित्ताने हरणीला गेले. डॉक्टरांचं वहाण दिवाणखान्यात काचेच्या पेटीत होतं. त्यांनी ते कौतुकाने हातात दिलं. मी बोट फिरवत सातव्या बरगडीपर्यंत आले, आणि तिथे रंगाखाली लाकूड फार पातळ घासलेलं लागलं, आजूबाजूला पुट्टी. डॉक्टर ओशाळले. म्हणाले, तिथे माझा हात चुकला होता, कुणाला बोलू नका. मास्तरांकडेही तसंच निघालं. भूमितीचा माणूस, म्हणून ते जास्तच शरमलेले.

आता माझी खात्री पटली. चूक नकाशात होती, आणि ती मुद्दाम ठेवलेली होती. कुणी नकाशा चोरून वहाण बनवलं तर सातव्या बरगडीवरून काका त्याला ओळखणार. म्हणजे आम्हीही त्यांच्या लेखी संभाव्य चोरच. काकांनी हे कबूल केलं तर त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं. काकांकडून मी जे शिकले होते ते सगळं हातात होतं, आणि ते हात आता त्यांच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसले होते.

पत्रक एक पानी होतं. सापळा लावून दिलेलं ज्ञान म्हणजे ज्ञान नव्हे, पाळत आहे, असं त्यात लिहिलं होतं. चार प्रती काढल्या आणि रविवारी चहाच्या कपांशेजारी ठेवल्या.

डॉक्टरांनी वाचून विचारलं, "बेन, निवडणुकीला उभ्या राहणार के शुं?" पण पुढच्याच ओळीत त्यांना स्वतःचं वहाण सापडलं आणि त्यांनी पत्रक खाली ठेवलं. मास्तरांनी मोजपट्टी काढून नकाशावरच्या सहाव्या, सातव्या आणि आठव्या बरगडीची मापं घेतली. पुन्हा घेतली. मग पट्टी खाली ठेवून म्हणाले की सातवी बसूच शकत नाही, आणि हे आपण इतकी वर्षं तपासलं नाही कारण दोष आपलाच असणार असं धरून चाललो.

काकांनी पत्रक दोनदा वाचलं.

"चूक खरी आहे," ते म्हणाले. "सापळा नाही."

मग त्यांनी सांगितलं. वर्कशॉपमधल्या एका मित्राबरोबर ते कच्छमधल्या मांडवीला गेले होते. किनाऱ्यावर बांधत असलेल्या कोटियाची मापं दोघांनी घेतली आणि घरी येऊन मित्राने नकाशा काढला. पहिल्याच नमुन्यात चूक कळली होती. पण तोवर मित्र वारला होता, आणि त्याच्या रेघेवर रबर फिरवायला काकांचा हात धजावला नाही.

मला वाईट वाटलं. पण रागही गेला नाही.

"काका, तुमच्या एका मित्राची रेघ शाबूत राहावी म्हणून तीन माणसं स्वतःला अडाणी समजत राहिली."

"मी तर समजत होतो माझा हात थरथरतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "दाताचा डॉक्टर आहे मी."

काकांनी ड्रॉवरमधून लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. "जुनी रेघ राहू दे. शेजारी बरोबर ती काढ. तूच काढ."

मी नकाशावर वाकले. कडेला बरगड्यांच्या मापांचा तक्ता होता. इतके दिवस त्यावर चष्म्याचं घर, कप, काकांचा तळहात, काही ना काही असायचंच. आता तो उघडा होता. रेघा कुणाच्याही असोत, तक्त्यातले आकडे काकांच्या अक्षरातले होते. मला लाकडाची यादी करून देताना ते असेच तिरके आकडे लिहायचे. सातव्या ओळीतला आकडा गिरवून बदललेला होता, आणि तोही तेवढाच जास्त होता. मित्राने नकाशा त्या आकड्यावरूनच काढला असणार.

मी मान वर केली. काका माझ्याकडेच बघत होते. डॉक्टर आणि मास्तर पलीकडे पुट्टी कोणती चांगली यावर वाद घालत होते.

विचारायला एक वाक्य पुरलं असतं. चूक कुणाची होती, त्याची की तुमची? माझ्यासारखीने ते विचारायलाच हवं होतं. मी पट्टी ठेवली, लाल रेघ काढली, शेजारी नवं माप लिहिलं आणि कागद मास्तरांकडे सरकवला. तक्त्यातला जुना आकडा मी त्यांना दाखवला नाही.

ती दया होती, की पुढच्या रविवारी मला तिथे यायचं होतं म्हणून मी गप्प बसले, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. मी पुढच्या रविवारी गेले. काकांनी माझी नवी सातवी बरगडी हातात घेऊन उजेडाकडे धरली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हं, लाव आता फळ्या."