एक्स्ट्रा बास

मला खरेदीचा किडा आहे. साधी किसणी घ्यायची तरी मी चार दुकानं पालथी घालते आणि मोबाइलवर लोकांचे अभिप्राय वाचत बसते. आप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, हेडफोन घ्यायचं ठरलं तेव्हा मी पंधरा दिवस दुसरं काही केलं नाही. अटी दोनच होत्या. बास दणदणीत पाहिजे आणि खिशाला परवडला पाहिजे. त्या पंधरा दिवसांतल्या उत्साहाची मला आज फार लाज वाटते.

आप्पा सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. दिवसभर लोखंडाचा दणदणाट, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने रोज संध्याकाळी ढोलाचा सराव. पथकाचे प्रमुख तेच. कानात घालायचे बोळे कारखान्यातून मिळायचे, ते आप्पांच्या खिशात पडून असायचे. घातले तर मशीन काय बोलतंय ते कळत नाय, असं त्यांचं म्हणणं. पुढे तेच कान गेले. आई वारल्यावर ते माझ्याकडे इंदिरानगरला राहायला आले, तेव्हा उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. डाव्यात थोडं उरलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून समजावलं. बारीक, उंच आवाज गेलेत. बायकांचं बोलणं, कुकरची शिट्टी, पाखरं, यातलं काही येणार नाही. खालचे, जाड आवाज अजून येतात. “जे उरलंय ते जपा. मोठ्या आवाजापासून लांब ठेवा,” असंही ते म्हणाले. मी मान डोलावली. मोठा आवाज म्हणजे फटाके आणि मिरवणुकीतला डीजे, असं मी परस्पर ठरवून टाकलं.

कानाचं यंत्र आणलं, ते आप्पांनी आठ दिवसांत डबीत बंद केलं. “समदं पत्र्यावर वाजल्यागत येतं,” म्हणाले.

माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. जेवायला चला, हे मी खांद्याला हात लावून सांगायचे. पण खाली पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला की वॉचमनच्याही आधी आप्पांना कळायचं. इंजिनाची घरघर बरोबर पकडायचे. “टँकर आला गं!” गॅलरीतून ओरडायचे, आणि दिवसभर कोमेजलेला चेहरा तेवढ्यापुरता उजळायचा. त्यावरूनच मला सुचलं की टँकर ऐकू येतो तर ढोल का नाही येणार?

त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी एम. जी. रोडवर घेऊन गेले. मोबाइलच्या वस्तूंचं छोटं दुकान होतं, गल्ल्यावर दाढी पिकलेले एक चाचा. माझी यादी त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. “ताई, स्टिकर पे मत जाओ. एक्स्ट्रा बास तर सगळेच लिहितात,” म्हणाले आणि चार जोड समोर मांडले. दोन मी लावून बघितले. एकात ढोल डब्यात कोंबल्यासारखा वाजत होता, दुसऱ्यात सगळं गढूळ. तिसरा जाड गादीचा, काळा, कानाला पूर्ण झाकणारा. तो लावल्यावर माझ्या दातांत थाप जाणवली. “ये कान में नहीं, छाती में बजता है,” चाचा म्हणाले. डब्यावर लाल अक्षरांत एक्स्ट्रा बास लिहिलेलं होतंच.

तो आप्पांना लावला. थोड्या वेळाने चाचांनी एका बाजूची गादी उचलून त्यांच्या डाव्या कानात घसा फोडून विचारलं, “बास कैसा है?”

“आं?”

“बास! बास!”

“बास का? बरं,” असं म्हणून आप्पांनी हेडफोन काढून ठेवला आणि चपला शोधायला लागले.

चाचा आणि मी पोट धरधरून हसलो. आप्पाही आमच्याकडे बघून हसले, का ते न कळताच. बाहेर आल्यावर मी बिलाच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: बास म्हणजे ढोलाचा जाड आवाज. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला, मान हलवली आणि घडी करून खिशात ठेवला. चष्मा घरी टीव्हीवर राहिला होता, हे मला फार नंतर आठवलं.

त्यांच्या पथकातल्या कुणीतरी जुन्या मिरवणुकीची चित्रफीत पाठवली होती. रोज पाचच्या चहानंतर मी आप्पांना गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचे, हेडफोन लावायचे, तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा वाजेल अशी लावून फोन त्यांच्या मांडीवर पालथा ठेवायचे आणि आत कामाला लागायचे. पहिल्या दिवशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर चालायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं. मी पदराने माझे डोळे पुसले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले.

थोड्या वेळाने गॅलरीतून हाक आली, “बास!”

मी पळतच गेले. शब्द लगेच शिकले म्हणून मला केवढं कौतुक वाटलं! फोनमध्ये आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या असतात, त्यातली बासची पट्टी मी एक बोटभर वर सरकवली आणि अंगठा दाखवला. आप्पांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं आणि त्यांनीही अंगठा दाखवला.

मग हे रोजचंच झालं. दहापंधरा मिनिटं गेली की “बास”. मी हातातलं टाकून धावायचे आणि पट्टी वर सरकवायचे. ती वर टेकल्यावर मी आवाजच वाढवायला लागले. हा आवाज कानाला घातक आहे, असा इशारा फोन द्यायचा. मी तो बोटाने बाजूला सारायचे. बासचे शौकीन आहेत आमचे आप्पा, असं मी मैत्रिणींना सांगायचे.

दीड महिन्याने ते बास म्हणायचं थांबले. तासभर शांत बसून राहायचे. अखेर मनासारखा आवाज लागला, असं मी समजले.

एका दुपारी खाली टँकर आला. पाइप ओढल्याचा आवाज आला, बायकांची बादल्यांवरून भांडाभांडी सुरू झाली. आप्पा गॅलरीतच बसले होते, समोर बघत. मी त्यांच्यामागे उभी राहिले आणि वाट बघितली. टँकर रिकामा होऊन निघून गेला. ते काही बोलले नाहीत.

डॉक्टरांनी नवा आलेख काढला. डाव्या कानाची रेघ तळाशी आडवी पडली होती. कान आधीपासूनच उतरणीला लागले होते, हेडफोनमुळेच झालं असं नाही म्हणता येणार, असं ते म्हणाले. हेडफोनमुळे झालं नाही, असंही ते म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर आप्पांना चष्मा दिला आणि वाटेत विकत घेतलेल्या पाटीवर लिहिलं: त्रास होत होता तर सांगितलं का नाही?

“सांगितलं की!” आप्पा मोठ्याने म्हणाले. स्वतःचाही आवाज आता त्यांना येत नव्हता. “रोज सांगायचो. बास म्हनायचो. कानात सणका मारायचा.”

मला लिहवेना. तरी लिहिलं: मग काढून का नाही ठेवलं?

“तू येवढी पळत यायची. अंगठा दाखवायची. म्हटलं, पोरीची हौस हाय, आसू दे.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तो मला सहन झाला नाही. मी उठून आत गेले आणि फोन घेऊन पलंगावर बसले. ती चित्रफीत मी एवढे दिवस कधी शेवटपर्यंत बघितलीच नव्हती. हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि चालू केली.

रस्ताभर पथक. चाळीस ढोल. मधोमध आप्पा, भगवा फेटा, घामाने निथळणारे. शेवटच्या मिनिटाला ते सगळ्यांकडे वळतात आणि डावा तळवा उंच करतात. आवाज ढोलांत बुडालेला आहे, पण ओठ स्पष्ट दिसतात. बास. त्यासरशी ढोलांवरची चाळीस टिपरं हवेत थांबतात आणि रस्ता गप्प होतो.

ते चाळीस जण त्यांच्याकडे बघत होते. मी आत मेथी निवडत होते.