खालची पायरी

"बेटा, ज़रा खड़ी हो जाओ," सर माइकवरून म्हणाले. मी उभी राहिले. सरांनी सांगितलं की करायचं, एवढीच मला सवय. ते माझे गाइड. परभणीकडच्या मुलीला चंदीगडच्या विद्यापीठात पीएचडीला घेणारे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मराठी मंडळाचा गणपती सेक्टरातल्या कम्युनिटी हॉलमध्ये बसायचा. त्या वर्षी सरांनी गणपतीसमोर सर्वधर्म सभा ठेवली. विषय होता, देव म्हणजे काय. पाहुणे अमराठी, म्हणून सगळं हिंदीत.

सुरुवात छान झाली. शीख प्राध्यापकांनी जन्म-मरण नसलेला निरंकार सांगितला. मुसलमान डॉक्टर म्हणाले, त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, म्हणून आम्ही त्याचं चित्र काढत नाही. केरळच्या नर्सबाईंनी माणसांसाठी दुःख भोगणारा देव सांगितला. प्रत्येकाने आपला देव आपल्या तोंडाने सांगितला.

मग सरांनी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर जिना. सगळ्यात वर निर्गुण ब्रह्म, मधल्या पायऱ्यांवर बाकीचे धर्म. तळाला झाड, दगड, भूतखेत. त्या तळाच्या पायरीवर बोट ठेवून सरांनी जोसेफकडे पाहिलं. जोसेफ केनियाचा, आमच्याच विभागात एमएस्सीला. आफ्रिका अजून इथे उभी आहे, असं सर म्हणाले. अगदी प्रेमाने म्हणाले. आणि त्यानंतर मला उभं केलं.

"इसके दादाजी पोतराज थे।"

पोतराज म्हणजे काय, हे सरांनी पाहुण्यांना समजावलं. घागरा नेसणारा, मरीआईला डोक्यावर घेऊन दारोदार फिरणारा, स्वतःच्या उघड्या अंगावर कोरडा, म्हणजे आसूड, ओढणारा. हॉलभर चुकचुकणं. आज तीच नात लेझरवर काम करते, असं सर म्हणाले. टाळ्या पडल्या. मी उभीच होते.

हे मी फक्त वहिनींना सांगितलं होतं. सरांच्या बायकोला. त्यांच्या स्वयंपाकघरात, मोदकाची उकड मळताना. मांगाच्या पोरीला त्यांनी मोदक वळायला बसवलं, आपल्याच कपातून चहा दिला, याचं मला केवढं अप्रूप. मी विरघळले. माझ्या आजोबांच्या, आबांच्या पाठीवरचे वळ, दर मंगळवारी त्या वळांना तेल लावणारी आजी, सगळं सांगून बसले. वहिनींनी डोळे पुसले होते. ते डोळे पुसणं मी खरं मानलं. आणि आता माझे आबा पडद्यावर होते, तळाला.

सरांनी माइक आधी जोसेफला दिला. तो हळू इंग्रजीत बोलला. त्याचे आजोबा अंजिराच्या मोठ्या झाडाखाली उभे राहून प्रार्थना करत, डोंगराकडे तोंड करून. देव एकच. त्याला ना आई-बाप, ना बायको. बारीकसारीक कामांसाठी त्याला त्रास द्यायचा नाही. पाऊस अडला, मूल जन्मलं, लग्न ठरलं, तेव्हाच सगळ्यांनी मिळून हाक मारायची. मग तो सरांकडे वळून म्हणाला, "सर, ते झाडाला पूजत नव्हते. झाडाखाली उभे राहत होते."

सर हसले. "वही तो," म्हणाले आणि माइक माझ्याकडे आला. काय बोलायचं ते सकाळीच ठरलं होतं. सरांमुळे आयुष्य बदललं, एवढे दोन शब्द.

आबांच्या त्या कोरड्याचा मला राग आहे. लहानपणापासून आहे. पण तो राग माझा आहे, माझ्या घरचा आहे. टाळ्या वाजवायला मी तो कुणाला दिला नव्हता.

मी हिंदीत बोलले, मोडक्यातोडक्या. "गावात पटकीची साथ आली की गाव माझ्या आजोबांना बोलवायचं. गावाचं दुखणं ते आपल्या अंगावर घ्यायचे. देवी वेशीच्या आत चालायची, तिला आणणारा माणूस चालायचा नाही. जिना तुम्ही काढलाय, सर. त्यांना वेशीबाहेर ठेवणारे कुठल्या पायरीवर, तेही काढा."

टाळ्या नाहीत. कुणीतरी आरतीचं तबक आणायला पळालं.

दारात वहिनींनी माझा हात धरला. "अगं, त्यांनी कौतुकच केलं ना तुझं." त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. ते जास्त लागलं. वहिनी फसवून वागल्या असत्या तर मी भांडले असते. त्यांनी माझं दुःख जपून ठेवलं होतं, नवऱ्याच्या भाषणासाठी. मी हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी गाइड बदलून मागितला. वर्ष फुकट जाईल, असं सगळे म्हणाले. एक नाही, जास्तच गेली. शिफारसपत्र मिळालं नाही, बाहेरदेशीची संधी हुकली. सर कॉरिडॉरमध्ये भेटले की भिंतीकडे बघत. मी त्यांच्याकडे बघत असे.

सगळे देव एकच, असं आता कुणी म्हणालं की मी आधी त्याचा जिना शोधते. बहुतेकांच्या खिशात असतो. मी स्वतः देव मानते की नाही, ते कुणाला सांगत नाही. ते माझं आणि आबांचं.

पण आबांना तळाची पायरी दाखवणाऱ्याच्या घरचं पाणी मी पीत नाही. कप कितीही त्यांचाच असो.